ओळखीची अळी

आपल्याकडे ओळखीवाचून काही होत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. शाळेतला प्रवेश, इस्पितळातली खाट, देवळातलं दर्शन, मंगल कार्यालयातली मुहूर्ताची तारीख, सगळीकडे पहिला प्रश्न एकच : ‘‘तिथं आपल्या ओळखीचं कोणी आहे का?’’ असलं तर काम होतं. नसलं तर ओळखीच्यांच्या ओळखीचा कोणी शोधावा लागतो. देव सगळ्यांनाच ओळखतो म्हणतात. पण एकादशीच्या दिवशी देवापेक्षा रांग लावणाऱ्या स्वयंसेवकाची ओळख जास्त उपयोगी पडते. अवघ्या सृष्टीत ओळख नसण्यातच ज्याचं हित आहे असा एकच जीव, तो म्हणजे अळी. निदान वरवर पाहणाऱ्याला तसं वाटेल. तुमची-आमची ओळख निघाली की काम होतं; अळीची ओळख पटली की तिचं काम तमाम होतं.

मराठी भाषा मोठी मिस्कील आहे. तिनं या एका शब्दात दोन उलट्या गोष्टी कोंबून ठेवल्या आहेत. ओळख ‘होते’ आणि ओळख ‘पटते’. ओळख होते तिथं चहा असतो; ओळख पटते तिथं पोलीस असतात. आता ओळख पटवता पटवता ती होऊन बसली तर काय करायचं? ज्याची ओळख झाली त्याला मारवतं का? आणि ज्याची ओळख पटलेलीच नाही त्याला मारणं बरोबर आहे का? असले प्रश्न थोर लोकांना वडाखाली किंवा हिमालयात पडतात. मला ते उमरग्याला, दहा गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये, टोमॅटोच्या झाडापाशी उकिडवं बसलो असताना पडले.

हे शेडनेट आमच्या दाजींचं, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांचं. उमरगा म्हणजे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं, कर्नाटकाच्या वेशीवरचं गाव. तूर, हरभरा, सोयाबीन ही इथली जुनी दैवतं. टोमॅटो हा नवीन पाहुणा. तो जाळीच्या घरात राहतो, ठिबकनं पाणी पितो, सुतळीच्या आधारानं उभा राहतो आणि त्याच्यापायी दाजींनी कर्ज काढलेलं आहे. घरच्या माणसांपेक्षा या पाहुण्याची बडदास्त जास्त, असं ताईचं मत आहे. पण ते ती दाजी घरात नसतानाच मांडते.

मी बँकेत चौतीस वर्षं कारकुनी केली. त्यातली निम्मी सह्या जुळवण्यात गेली. चेकवरची सही आणि आमच्याकडच्या कार्डावरची सही समोरासमोर ठेवायची आणि हा तोच का, हे ठरवायचं. सेवानिवृत्तीनंतर दिवाळीच्या सुमारास मी ताईकडे महिनाभर राहायला गेलो, तेव्हा भाच्यानं हे माझं कसब नेमकं हेरलं. भाचा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकून आलेला. ‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्हाला नुसतं बसून कंटाळा येईल. रोज सकाळी अळ्या ओळखायचं काम तुमच्याकडं.’’ अशा रीतीनं मी पुन्हा नोकरीला लागलो. पगार म्हणून दोन वेळचं जेवण आणि टोमॅटोचं सार.

यामागं एक कारण होतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आदल्या हंगामात फळांना भोकं दिसू लागली, तेव्हा दाजी नेहमीप्रमाणे औषधाच्या दुकानात गेले. (विषाला ‘औषध’ म्हणण्याची ही रीत मला नेहमीच कौतुकाची वाटत आली आहे. औषध झाडाला द्यायचं आणि गुण अळीला यायचा!) दुकानदारानं कोणती अळी, केवढी, कुठं बसते यातलं काही विचारलं नाही. त्यानं एकच प्रश्न विचारला : ‘‘किती पंप?’’ मग दोन बाटल्या आणि एक पुडी एकत्र करून मारायला सांगितलं. म्हणजे एकानं नाही तर दुसऱ्यानं, नाहीतर तिसऱ्यानं तरी मरेल. आपल्याकडे कीटकनाशकांच्या बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. पण मिश्रण झाल्यावर त्याचा रंग कोणता धरायचा, हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं.

फवारलं तात्यानं. तात्या दाजींकडे वीस वर्षं आहे. तोंडाला टॉवेल गुंडाळून, पाठीवर पंप घेऊन तो त्या जाळीच्या घरात शिरला. आत वारा नाही, वर ऊन. चौथ्या पंपाला तो बाहेर आला आणि ‘‘गरगरायलंय’’ म्हणून बांधावर आडवा झाला. ती रात्र त्यानं सलाईन लावून काढली आणि सुदैवानं सकाळी उठून चहा मागितला. सगळ्यांचंच असं सुदैव नसतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. अळीला मारायला निघालेला माणूस स्वतः मरतो, तेव्हा अळी कोणती होती हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

म्हणून भाच्यानं त्या वर्षी नियम केला : आधी नाव, मग फवारा.

पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं, की सह्या जुळवणं यापेक्षा पुष्कळ सोपं. सही निदान कागदावर स्थिर असते. मी भिंग घेऊन बसलेला पाहून तात्यानं विचारलं, ‘‘काय बघूलालाव, पावणं?’’ मी म्हणालो, ‘‘अळी कोणती ते बघतोय.’’ तात्या म्हणाला, ‘‘अळी ती अळीच की. तिला काय आडनाव असतंय?’’ बाजारात टोमॅटो न्यायला येणारा आळंदकडचा माणूस तिला कानडीत ‘हुळ’ म्हणतो, टेम्पोवाला ‘कीडा’ म्हणतो, आणि तिघांच्याही मते हा विषय तिथंच संपतो.

पण अळीला आडनाव असतं. एका आठवड्यात माझ्यापुढं चार-पाच घराणी उभी राहिली. पहिली, टोमॅटोत अर्धी आत आणि अर्धी बाहेर. यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसासारखी तिची तऱ्हा : डोकं आत, पाठ बाहेर. एक फळ पुरं खाऊन संपवावं हा संस्कार तिला नाही. थोडं खाल्लं की दुसऱ्या फळाला तोंड लावते. दुसरी, पानाच्या खालच्या बाजूला एकत्र कुटुंबानं राहणारी. हिची आई पुंजक्यानं अंडी घालते आणि त्यावर आपल्या अंगचे तपकिरी केस पांघरूण म्हणून घालते. पिल्लं सगळी मिळून पानाची जाळी करतात आणि मोठी झाली की वाटण्या करून वेगळी होतात. ही तंबाखूवरची पानं खाणारी अळी, उर्फ स्पोडोप्टेरा, सोयाबीनवाल्यांच्या परिचयाची. तिसरी उंटअळी. इतर अळ्यांना पोटाखाली बेगडी पायांच्या पाच जोड्या, हिला कमी. म्हणून मधलं अंग कमानीसारखं उचलत चालते. आणि चौथी तर दिसतच नाही. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून आतला गर खाते. पानावर नागमोडी रेघ दिसली तर तो एका माशीच्या अळीचा उद्योग. पण फुगीर, पसरट डाग दिसला तर ती टुटा नावाच्या पतंगाची अळी. टुटा मूळची दक्षिण अमेरिकेची. 2006 साली ती स्पेनमध्ये पोचली आणि 2014 साली आपल्या पुणे भागात सापडली. पतंग म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढा आणि राखेच्या रंगाचा. टोमॅटोचा प्लॉट मात्र मुळापर्यंत धुऊन नेतो.

माझी खरी गंमत झाली ती पहिलीच्या बाबतीत. तिचं लॅटिन नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. १८०८ साली ह्यूबनर नावाच्या जर्मन संशोधकानं तिची नोंद केली. आर्मिजेरा म्हणजे शस्त्रधारी. पण आपल्याकडे तिला एक नाव नाही. हरभऱ्यावर असली की ती घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आणि कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. बाई एकच. एखाद्या बाईला माहेरी ताई, सासरी वहिनी आणि शाळेत बाई म्हणावं तसं हे वाटेल; पण तसं ते नाही. इथं प्रत्येक नावात आमचं काय खाल्लं एवढंच आहे. ती कोण आहे यापेक्षा तिच्याकडून येणं किती, यावरून नाव पडलेलं. सावकारसुद्धा कुळाला नावानं हाक मारतो. आपण अळीला थकबाकीच्या नावानं हाक मारतो.

त्यातही ‘अमेरिकन’ हा तर सरळ अन्याय. ही अळी जुन्या जगाची : आशिया, आफ्रिका, दक्षिण युरोप, ऑस्ट्रेलिया इथली. अमेरिकेत तिची एक चुलत बहीण राहते. आपली ही खुद्द दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलमध्ये, सापडल्याची नोंद झाली ती 2013 साली. म्हणजे आपण तिला वर्षानुवर्षं अमेरिकन म्हणत होतो आणि ती अमेरिकेला गेली आपल्याकडच्या पोरांसारखी, अगदी अलीकडे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. नाव कळलं म्हणून काय झालं? तात्यानं हाच मुद्दा काढला. ‘‘नाव कळलं तरी मारायचीच ना? मग फाशीच्या आधी बारसं कशाला?’’ तात्या शाळेत चौथीपर्यंत गेलेला आहे. पण हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या पेपरात दहा मार्कांना घालायला हरकत नाही.

याचं उत्तर मला महाभारतात सापडलं. आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. ऋषी मौन धरून तप करत बसले होते. राजाचे शिपाई पाठीवर घेऊन चोर त्यांच्या आश्रमात शिरले आणि मुद्देमाल तिथंच लपवून दडून बसले. शिपायांनी ऋषींना विचारलं, ऋषींचं मौन. झडतीत माल निघाला, चोर निघाले, आणि चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवण्यात आलं. कोण चोर, कोण ऋषी, हे बघत बसायला वेळ कोणाला? एकच मिश्रण, सगळ्यांवर फवारलं. ऋषी तपोबळानं जगले आणि थेट यमधर्माला जाऊन जाब विचारला, की माझा गुन्हा काय? तेव्हा यमधर्मानं खातं उघडून सांगितलं, की लहानपणी तू पतंगांच्या मागच्या भागात गवताच्या काड्या खुपसत होतास. त्याचं हे फळ.

पतंगांच्या! म्हणजे आमच्याच खात्यातलं प्रकरण. ऋषी भडकले. कळत नसलेल्या वयातल्या गोष्टीला एवढी शिक्षा? त्यांनी यमधर्माला शाप देऊन माणसाच्या जन्माला घातलं, तो विदुर. आणि कायदाच करून टाकला, की चौदा वर्षांपर्यंत केलेल्या गोष्टीचं पाप लागणार नाही. न कळणाऱ्याला माफी, हे आपण या गोष्टीतून अगदी आवडीनं उचललं. पण कायद्याची दुसरी बाजू अशी, की चौदा वर्षांनंतर कळत नव्हतं म्हणायची सोय राहिली नाही. दाजी साठीला आले आहेत, मी त्यांच्याही पुढं. दुकानदाराला तर मिशा आहेत. ‘‘अळी कोणती ते आम्हाला काय माहीत’’ ही आमच्या वयाला शोभणारी सबब नाही.

शिवाय ओळख पटवण्याची जी खरी रीत आहे, तिच्यात एक मोठा घोटाळा आहे. अळी बघून पतंग कळतोच असं नाही. एकाच घाटेअळीच्या हिरव्या, तपकिरी, गुलाबी अशा नाना छटा असतात. भाच्याचा मोबाइल फोटोवरून तीन-तीन नावं सुचवतो आणि निवड आपल्यावर सोडतो, साडीच्या दुकानातल्या माणसासारखा. खात्री करायची तर एकच उपाय : अळी बाटलीत घालायची, तिला रोज ताजा पाला द्यायचा, तिचा कोष होऊ द्यायचा आणि पतंग बाहेर येईपर्यंत थांबायचं. म्हणजे गुन्हेगार ओळखायचा तर त्याला आधी पोसायचं! जर्मनीची चित्रकर्ती मारिया सिबिला मेरियन हिनं सतराव्या शतकात हेच केलं. तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळण्यापासून तिनं सुरुवात केली, पुढं 1699 साली थेट दक्षिण अमेरिकेत सुरीनामला गेली आणि तिथल्या अळ्या, कोष, पतंग ज्या त्या झाडासकट रंगवून 1705 साली ग्रंथ काढला. युरोपात बरेच लोक अजून किडे चिखलातून आपोआप जन्मतात असं धरून चालले होते. ही बाई डब्यात पाला घालून वाट बघत होती. वाट बघण्यालाच पुढं शास्त्र म्हणतात.

ताईच्या माळ्यावरच्या लोणच्याच्या बरण्या मी खाली काढल्या. ताई म्हणाली, ‘‘दादा, या बरण्यांत मी आता पुन्हा लोणचं घालीन असं वाटतं का तुला?’’ पण भावापुढं बहिणीचं चालत नाही. पहिल्या बरणीत फळं पोखरणाऱ्या दोन अळ्या सोबत म्हणून ठेवल्या. सकाळी बघतो तर एकच. आणि ती तृप्त. या अळ्या एकमेकींना खातात, हे भाच्यानं मला त्यानंतर सांगितलं. दुसऱ्या बरणीत बांधावरच्या तुरीवरची एक लहान अळी होती. ती चार दिवसांत मरून पडली आणि तिच्या शेजारी भलताच एक चिमुकला कोष दिसला. त्यातून पतंगाऐवजी निघाली सुईएवढी गांधीलमाशी! तिच्या आईनं अळीच्या पोटात अंडं घातलं होतं आणि पोरानं अळी आतून खाऊन संपवली होती. डार्विननं 1860 साली एसा ग्रे या मित्राला लिहिलेल्या पत्रात याच जातीच्या माश्यांचं नाव काढलं आहे. दयाळू परमेश्वरानं हे मुद्दाम योजलं असेल, हे त्याला पटेना. मला डार्विनची तगमग समजते. पण दाजींची प्रतिक्रिया वेगळी होती. ‘‘म्हणजे ही माशी आपल्या बाजूची?’’ त्यांनी विचारलं. ‘‘मग मागल्या वर्षी आपण हिलाच मारलं की!’’ आणि ते बराच वेळ बरणीकडे बघत राहिले.

तिसऱ्या बरणीची, खरं म्हणजे माती भरलेल्या कुंडीची, कथा निराळी. शेडनेटच्या दाराजवळच्या झाडावर बोटाएवढी जाड, शेपटीवर काटा असलेली एक अळी सापडली. तिला बघून ताईनं अंगणातच स्नान केलं. तात्या म्हणाला, ही तिळावर असते, चावली तर माणूस वाचत नाही. प्रत्यक्षात ती चावत नाही, डसत नाही; पानं खाते आणि एकटी राहते. मी तिला कुंडीत ठेवलं, ती मातीत गेली, आणि काही आठवड्यांनी हाताच्या पंजाएवढा पतंग बाहेर आला. त्याच्या पाठीवर चक्क माणसाची कवटी काढलेली. हात लावल्यावर तो चीं चीं ओरडला. नाव ॲकेरॉन्शिया स्टिक्स. स्टिक्स म्हणजे ग्रीकांची वैतरणी. एवढं भयंकर नाव आणि एवढं भयंकर रूप. आणि गुन्हा म्हणाल तर मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरणं. दाजींच्या टोमॅटोचं त्यानं केलेलं एकूण नुकसान दोन फांद्या. आणि तांदळाएवढ्या राखी टुटाकडे मात्र कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. रूपावरून शिक्षा द्यायची ठरवली, तर दुनियेतला एकही सभ्य दिसणारा चोर सापडणार नाही, हे बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला नव्यानं सांगायला नको.

तर तात्याच्या प्रश्नाचं उत्तर असं, की फाशीच्या आधी बारसं हवंच. कारण बारशाला बसलेल्या दहांपैकी फाशीला जाणारे एक-दोनच निघतात. शिवाय ज्याला नाव कळलं त्याच्या हातात निराळी हत्यारं येतात. घाटेअळीला होणारा एक विषाणू आहे. तो फवारला की ती आजारी पडून फांदीला उलटी लटकते. पण माणसाला, मधमाशीला, त्या सुईएवढ्या गांधीलमाशीला त्याचा त्रास नाही. कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी ठेवतात आणि नर आपणहून येऊन अडकतात. (हे नीतीला धरून आहे का, यावर दाजींनी आणि मी डोळ्यांनीच चर्चा केली, ताई जवळ होती.) पण घाटेअळीची गोळी टुटाच्या नराला कळत नाही. झेंडूची एक ओळ लावली की घाटेअळीची मादी अंडी घालायला तिकडं वळते. यातलं प्रत्येक हत्यार आधी नाव विचारतं. विषाला मात्र कोणाचंच नाव विचारावं लागत नाही. कमी क्रूर व्हायचं तर जास्त माहिती लागते, एवढाच या साऱ्याचा अर्थ. अज्ञानाला दया परवडत नाही.

कृषिशास्त्राची एक संज्ञा तर मला नीतिशास्त्रात घ्यावी इतकी आवडली. ‘आर्थिक नुकसानीची पातळी’. कीड दिसली की लगेच मारायचं नाही. हरभऱ्याच्या एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या झाल्या, किंवा सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले, तर उपाय करायचा. त्याखाली असेल तर सोडून द्यायचं, कारण फवाऱ्याचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त. केवढी थोर गोष्ट! किती अपराधांपर्यंत क्षमा करावी, याचा आकडा धर्मग्रंथांनाही नक्की देता आला नव्हता; शेतकी खात्यानं तो मीटरवर मोजून दिला. आपण घरात, ऑफिसात, सोसायटीत माणसांवर जे फवारे मारतो, त्यांतले बहुतेक या पातळीच्या कितीतरी खालीच मारतो. शेजाऱ्यानं कुंडी चार इंच पुढं सरकवली, मारा. सुनेनं फोन उशिरा केला, मारा. माणशी एक-दोन अळ्या सोडून द्यायच्या असतात, हे कळलं तर निम्मी कुटुंबं विषबाधेतून वाचतील.

तरीही मारावं लागतंच, हे मी लपवणार नाही. उमरग्याहून बसवकल्याण फार लांब नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी तिथं दयेवाचून धर्म नाही असं शिकवलं, आणि ते इथल्या मातीत मुरलेलं आहे. ताई वाटाण्यातली अळी बोटानं उचलून कुंपणाबाहेर टाकते आणि ‘‘जा बाई’’ म्हणते. पण दाजींच्या कर्जाचा हप्ता ‘‘जा बाई’’ म्हणून जात नाही. आणि कुंपणाबाहेर टाकलेली अळी शेजाऱ्याच्या वाट्याला जाते, त्याला दया म्हणायचं की स्थलांतर? बरं, आपलं खात नाही तिला तरी आपण सोडतो का? रेशमाच्या किड्याला आपण तुतीचा पाला मोठ्या प्रेमानं खायला घालतो आणि कोष झाला की उकळत्या पाण्यात टाकतो. मग त्याचं सोवळं नेसून देवाला अहिंसेचं स्तोत्र म्हणतो. अळी आपलं खाते म्हणून मरते, नाहीतर आपण तिला खायला घालतो म्हणून मरते. निष्पाप राहून टोमॅटो खायचा किंवा शालू नेसायचा मार्ग अजून कोणी शोधलेला नाही. सगळं सोडून वनात जावं म्हटलं, तर तिथं मांडव्य ऋषींचं काय झालं ते आपण वाचलंच.

त्या हंगामात आम्ही काय केलं? दर दुसऱ्या दिवशी ओळी मोजल्या. भोक पडलेली फळं तात्यानं आणि मी हातानं तोडून साबणाच्या पाण्यात टाकली. विषाणू दोनदा फवारला, सापळे लावले, पुढच्या लागणीला झेंडू लावायचं ठरवलं. जहाल औषधाचा पंप एकदाही पाठीवर चढला नाही. फळं थोडी गेली. दाजींनी जाणारी फळं मोजली, हप्ता मोजला आणि मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण हप्ता गेला, आणि तात्या रोज संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी गेला.

साबणाच्या पाण्यात फळ टाकताना माझा हात प्रत्येक वेळी थबके, हे खरं. बरणीत जिला पाला घालून वाढवलं, तिच्याच घराण्यातली ही. पण मला वाटतं, तो थबकणं हीच काय ती ओळखीची कमाई. थबकलेला हात कधी थांबतो, कधी पुढं जातो. न थबकणारा हात मात्र सगळ्यांवरच जातो.

जमाखर्चाच्या जुन्या वहीत दोन बाजू असतात, जमा आणि नावे. कोणाकडून वसूल करायचं ते ‘नावे’ टाकायचं. आमचे हेडक्लार्क सांगत, की पैशाची चूक एकवेळ सापडते, पण दुसऱ्याच्या खात्याला रक्कम नावे पडली की बिचाऱ्या भलत्याच माणसाला नोटीस जाते. म्हणून लेखणी टेकवण्याआधी खातं कोणाचं ते बघा. जगायचं म्हटलं की कोणाच्या तरी नावे काहीतरी टाकावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही. मात्र ज्याचं नावच माहीत नाही, त्याच्या नावे काही टाकू नये, एवढं कारकुनालासुद्धा कळतं.